दुसऱ्या कव्हरातली रेकॉर्ड

माझ्याकडे चौदाशेच्या वर रेकॉर्ड्स आहेत आणि गेल्या अकरा महिन्यांत त्यातली एकही मी लावलेली नाही. टर्नटेबलवर बायकोने रुमाल टाकलाय. त्यावर पाण्याची बाटली आणि माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतात. पूर्वी त्या टर्नटेबलच्या आसपास कुणी झाडू घेऊन फिरकलं तरी मी अंगावर धावून जायचो. आता गोळी घेतो आणि बाटली परत तिथेच ठेवतो.

मध्यंतरी एका वर्तमानपत्रातल्या मुलीचा फोन आला होता. रेकॉर्ड्सचा जमाना परत आलाय, त्यावर जुन्या जॅझवाल्यांचं मत हवंय, म्हणाली. वरळीच्या बीडीडी चाळीत राहून जॅझ ऐकणारा माणूस म्हणजे तिला आयताच मसाला मिळाला असणार. मी म्हटलं, तो जमाना कुठे गेलाच नव्हता, तुम्ही लोक गेला होतात. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. पोरीचा काय दोष? पण हल्ली माझं असंच चाललंय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं ते कळत नाही. चाळ रिकामी करून आम्ही वडाळ्याला भाड्याच्या घरात आलोय, टॉवरमधल्या घराची चावी मिळेपर्यंत. इथल्या गॅलरीतून रेल्वेचं यार्ड दिसतं. मालगाडीचे डबे पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात. मी ते बघत उभा राहतो आणि बायको आतून विचारते, काय झालं? काही नाही, म्हणतो.

झालंय ते एका सात इंची रेकॉर्डपायी. सांगून टाकलं की बरं वाटेल असा माझा मुळीच समज नाही. पण न सांगूनही बरं वाटत नाहीये.

मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक वरळी नाक्यावरून चालली होती आणि मी दोरी धरणाऱ्या कार्यकर्त्यांत होतो. माझ्या पुढ्यातच बँड होता. त्यात चाळिशीतला एक सॅक्सोफोनवाला होता, लाल कोटाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिलेल्या, म्हणजे कोट उसना. सगळे मिळून एक भीमगीत वाजवत होते. आणि मध्येच हा माणूस गाण्यातून निघून गेला. बाकीचा बँड सरळ रस्त्याने चालला होता आणि हा एका गल्लीत शिरला, दोन वळणं घेतली, आणि बरोबर वेळेवर पुढच्या नाक्यावर सगळ्यांना येऊन मिळाला. सुरांनी म्हणतोय मी. मिरवणुकीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या हातातली दोरी मात्र सैल पडली आणि मला शिव्या बसल्या.

बँड चहाला थांबला तेव्हा मी त्याला जाऊन विचारलं, मधे ते काय वाजवलंत? त्याला वाटलं मंडळातून तक्रार आली. घाईघाईने म्हणाला, "सॉरी बाबा, हात गेला. परत नाय करणार." मी म्हटलं, परत करा.

त्यांना मी अंकल म्हणायला लागलो ते तेव्हापासून. मूळचे गोव्याचे, राहायला गिरगावात एका वाडीत, तळमजल्यावर. तरुणपणी कुलाब्याच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला. हॉटेलांतले बँड बंद पडत गेले तसे ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगांना जाऊ लागले, आणि तिथे बोलावणं नसेल तेव्हा लग्नाच्या, मिरवणुकीच्या बँडमध्ये. त्यांच्याकडे मोजून बारा रेकॉर्ड्स होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्या बारा रेकॉर्डांवर त्यांनी मला ऐकायला शिकवलं. पाय हलू द्यायचे नाहीत. पाय हलला की कान बंद होतो, असं त्यांचं मत. आधी फक्त बास ऐक, बाकीचे सगळे मेले असं समज, म्हणायचे. दुसऱ्या वेळी फक्त ड्रम. सॅक्सोफोन शेवटी, कारण तो काय, सगळ्यांनाच ऐकू येतो. आंटी स्वयंपाकघरातून ओरडायची, त्या पोराला आधी काही खायला दे.

याच घरात मला त्या सात इंची रेकॉर्डची गोष्ट कळली. अंकल तिशीत असताना त्यांच्या हॉटेलच्या बँडलीडरने एका दुपारी सगळ्यांना स्टुडिओत नेलं आणि एका छोट्या कंपनीसाठी चार चिजा रेकॉर्ड केल्या. त्यातली एक संथ, तिच्यात सॅक्सोफोनचा लांबलचक सोलो. ती दोनदा रेकॉर्ड झाली. पहिल्यांदा अंकलनी वाजवलं. मग लीडर म्हणाला, आता माझ्या मेहुण्याला वाजवू द्या, दोन्हीतलं कुठलं घ्यायचं ते मागाहून बघू. मागाहून काय झालं ते अंकलना कधी कळलंच नाही. ते दीड वर्ष बोटीवरच्या बँडमध्ये गेले. परत आले तर रेकॉर्ड निघून संपलीसुद्धा होती, कंपनी बुडाली होती, लीडर परदेशी स्थायिक झाला होता. कव्हरवर म्हणे नुसता लीडरचा फोटो. ज्यांनी ऐकली होती त्यांच्यातला एक म्हणायचा तूच, दुसरा म्हणायचा तो मेहुणा.

सिनेमाच्या शेकडो गाण्यांत हा माणूस वाजलाय, पण पन्नास व्हायोलिनांच्या गर्दीत. एकट्याचा असा आवाज जगात कुठे नोंदला गेला असेल, तर त्या एका रेकॉर्डवर. "मी हाय की नाय, एवढाच मला पायजे," अंकल म्हणायचे. आंटी त्यांना चिडवायची, घरचा मेहुणा असताना तुला कोण घेणार? ते चिडायचे. मिळाली की पहिली तुलाच ऐकवतो म्हणायचे. मी दोघांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, अंकल, मी शोधून आणतो.

म्हणजे मला हे सगळं माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

पुढे मी महापालिकेच्या पाणी खात्यात चिकटलो, लग्न झालं, आणि एकशे साठ फुटांच्या खोलीत रेकॉर्ड्स साठायला लागल्या. कॉटखाली, माळ्यावर, कपाटाच्या मागे. गोळा करणाऱ्या माणसाचं एक असतं, की पहिल्या शंभर तो ऐकण्यासाठी घेतो. त्यापुढच्या कशासाठी घेतो ते त्यालाही सांगता येत नाही. पावसाळ्यात रेकॉर्डांवर बुरशी धरायची. रविवारी दुपारी मी परातीत पाणी घेऊन एकेक रेकॉर्ड धुवायचो आणि बाहेर कॉमन गॅलरीत पोरांच्या कपड्यांशेजारी वाळत ठेवायचो. शेजारी हसायचे. त्यांचं हसणं मला लागायचं नाही.

मला लागायचं ते दादरचं. दादरला हिंदू कॉलनीत एका निवृत्त वकिलांच्या घरी दर रविवारी सकाळी चार-पाच जॅझवाले जमायचे. माझीही तिथे वर्णी लागली. नियम कडक होते. ज्याची रेकॉर्ड त्यानेच सुई ठेवायची, वाजत असताना बोलायचं नाही, आणि कुठे मिळाली ते कधीही विचारायचं नाही. ऐकून झालं की चहा आणि चर्चा. ही मंडळी अमेरिकेतल्या काळ्या माणसांबद्दल फार कळवळून बोलायची. गोऱ्यांच्या हॉटेलात वाजवायचं आणि मागच्या दाराने आत यायचं, केवढा हा अन्याय, वगैरे. कापूस वेचणाऱ्यांच्या गाण्यांवर ते गहिवरायचे आणि कापूस विणणाऱ्या गिरणी कामगाराचा मुलगा शेजारच्या खुर्चीत बसलाय हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. वकीलसाहेब एकदा अगदी प्रेमाने मला म्हणाले, तुमच्या लोकांना ताल उपजतच असतो. मी चहाचा घोट घेतला. माझ्या वडिलांना टाळीसुद्धा तालात वाजवता येत नव्हती.

तरी मी जायचो. दर रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून. का जायचो याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं आणि ते मला आवडत नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी लालबागच्या एका रद्दीवाल्याकडे ती रेकॉर्ड मला मिळाली. बंद पडलेला टाइपरायटर, कॅसेटी आणि जुन्या पाकक्रियांच्या पुस्तकांच्या खाली सात इंची रेकॉर्डांची एक चळत होती. वरून पाचवी. लीडरचा फोटो, अर्धा वाळवीने खाल्लेला. हवी ती वस्तू दिसली की तिच्याकडे बघायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी दोन भिकार रेकॉर्ड्स वर ठेवल्या, मध्ये ही सरकवली, आणि तोंड वाकडं करून सगळ्या मिळून कितीला देणार विचारलं. परत येताना मी बसमध्ये बसलोच नाही, उभा राहिलो.

घरी येऊन धुतली, वाळवली, लावली. थीम, म्हणजे मूळ चाल, दोनदा येते आणि मग सोलो. पहिल्या चार सुरांत मी ओळखलं. अंकल एक सूर लांबवताना मध्येच ओठाच्या कोपऱ्यातून हवा आत ओढायचे, आणि तो बारीकसा फुस्स आवाज तिथे जसाच्या तसा होता. मेहुणा नव्हता. मिरवणुकीत गल्लीत शिरणारा तोच माणूस होता, तरुण, आणि मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यांपेक्षा चांगला. मी रडलो. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, छान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगावात जायचं ठरवलं होतं. पण तो रविवार निघाला.

दादरला मी सुई ठेवली. सोलो संपल्यावर वकीलसाहेबांनी चष्मा काढला. ज्यांनी वीस वर्षांत माझ्याकडे जेमतेम पाहिलं होतं ते उठून टर्नटेबलजवळ आले आणि वाकून लेबल वाचू लागले. अशी दुसरी प्रत कुठे असेल असं वाटत नाही, एकजण म्हणाला. चहाचा पहिला कप त्या दिवशी मला मिळाला. निघताना वकीलसाहेब दारापर्यंत सोडायला आले, ते त्याआधी कधी आले नव्हते. त्या दारात उभं असतानाच मला कळलं की मी ही रेकॉर्ड अंकलना दाखवणार नाही. दाखवली की द्यावी लागेल. त्यांनी मागितली नसती, पण मला द्यावी लागली असती, कारण ती त्यांची होती. आणि मग दादरला मी पुन्हा कोण?

आज जाऊ, उद्या जाऊ असं म्हणता म्हणता महिना गेला. महिन्याने सांगायला लाज वाटली. वर्षाने जास्त. नुसतं एवढं तरी सांगता आलं असतं, की कुणाकडे तरी ऐकली, तुम्हीच आहात. पण मग कुणाकडे, चल आपण जाऊ, असं आलंच असतं. म्हणून तेही सांगितलं नाही.

दर जयंतीला अंकल आमच्याकडे जेवायला यायचे. बायको खीर-पुरी करायची. जेवण झालं की माझ्या रेकॉर्ड्स चाळत बसायचे आणि विचारायचे, "मिळाला काय रे?" शोधतोय अंकल, मी म्हणायचो. रेकॉर्ड त्यांच्या हातभर अंतरावर असायची. आम्हा रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांत एक सवय असते, दुर्मीळ माल दुसऱ्याच कव्हरात ठेवायचा, म्हणजे बघायला येणाऱ्याची नजर पडत नाही आणि उसनी मागायची सोय राहत नाही. सात इंची रेकॉर्ड मोठ्या कव्हरात मोठ्या रेकॉर्डमागे सरकवली की बाहेरून पत्ताच लागत नाही. मी ती दर वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी एका कव्हरातून काढून दुसऱ्यात ठेवायचो. ज्याची वस्तू त्याच्यापासूनच लपवायची, आणि वर त्याला पुरी वाढायची.

आंटी गेली तेव्हा मी खांदा दिला. पुढे वकीलसाहेबही गेले आणि दादरची बैठक मोडली. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं केलं तेही उरले नाहीत. तरीही नाही सांगितलं. तेव्हा तर काहीच कारण नव्हतं.

मग चाळ रिकामी करायची वेळ आली. सामान नेणाऱ्यांनी दोन तासांत रेकॉर्ड्स खोक्यांत कोंबल्या आणि वडाळ्याला आणून भिंतीला लावून ठेवल्या. वर्षभर ती खोकी मी उघडली नाहीत. आणि एके दिवशी अंकलच्या मुलीचा फोन आला. ती वडिलांजवळच राहते. म्हणाली, पप्पांचा उजवा कान कधीच गेला होता, आता डावाही चाललाय, मशीन लावून जवळून बोललं तर थोडं ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत कानाचे. ते सारखे त्या रेकॉर्डबद्दल विचारतात, तुम्हाला कुठे काही माग लागला का?

मी म्हटलं, दोन दिवसांत येतो. फोन ठेवला आणि खोक्यांकडे वळलो. रेकॉर्ड कुठल्या कव्हरात आहे ते मला आठवत नव्हतं.

चाळीत ती मला जागेने माहीत होती. माळ्यावर, मागची रांग, पत्र्याच्या पेटीच्या डावीकडे. नाव कशाला लक्षात ठेवायचं, हात बरोबर तिथे जायचा. आता माळा नव्हता, रांग नव्हती, पेटी भंगारात गेली होती. एकूण एकवीस खोकी आणि चौदाशेच्या वर कव्हरं, आणि प्रत्येकात हात घालून बघायचं.

मी लागलो. एका हाताने कव्हर धरायचं, दुसरा आत घालायचा, बाजूला ठेवायचं. तासाभराने बोटं काळी व्हायची, छातीत धूळ जाऊन खोकला यायचा. मध्येच वाटायचं, मघाशी त्या निळ्या कव्हरात नीट हात घातला का? परत ते शोधायचं. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, नेमकं काय शोधताय? मी सांगितलं. सगळंच सांगितलं. ती खाली बसली. "ते आपल्याकडे जेवायचे तेव्हा ती घरातच होती?" मी हो म्हटलं. ती उठून आत गेली, बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग पदर खोचून बाहेर आली, एक खोकं पुढ्यात ओढलं आणि शोधायला लागली.

मध्ये अंकलना ताप भरला म्हणून हॉस्पिटलात ठेवलं. मुलीने कळवलं. मी भेटायला गेलो नाही, हात हलवत कसा जाणार? घरात बसवेना म्हणून एका संध्याकाळी डिलाईल रोडला गेलो, वडील कामाला होते ती गिरणी होती तिकडे. तिथे आता एक बार आहे आणि त्याच्या भिंतीवर जुन्या रेकॉर्ड्स चिकटवल्यात, शोभेला, सरळ गोंद लावून. मी मान वाकडी करून एकेक लेबल वाचत सुटलो. वेटर येऊन म्हणाला, सर, टेबल पाहिजे का? मी त्याला म्हटलं, या वाजवायच्या असतात. माझं मलाच हसू आलं, आणि मग हसू पुरतं गेलं. निदान या लोकांनी भिंतीवर तरी लावल्या होत्या.

पाचव्या आठवड्यात बायकोला सापडली. इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या एका रेकॉर्डच्या कव्हरात होती. तिने ती माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुटकेससारखा छोटा प्लेअर घेऊन मी गिरगावात पोचलो. मुलीने दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं की तापानंतर उरलंसुरलं ऐकणंही गेलं, मशीनचा उपयोग नाही. काल बाजूच्या घरापुढे फटाके फुटले तरी त्यांना कळलं नाही. मी दारातच उभा राहिलो. परत जावं असं वाटलं, खरं सांगतो. पण अंकलनी आतून मला पाहिलं होतं आणि माझ्या हातातलंही.

बहिऱ्या माणसाशी बोलायची मला लहानपणापासून सवय आहे. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते, साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान पस्तिशीतच गेले. समोर बसायचं, उजेडात, ओठ नीट हलवायचे. मी तसा बसलो आणि म्हटलं, मिळाली.

अंकलनी रेकॉर्ड दोन्ही हातांत घेतली. उजेडाकडे धरून चरे बघितले, लेबल वाचलं. मग मला खूण केली, लाव. मी म्हटलं, अंकल, तुम्हाला… त्यांनी पुन्हा खूण केली. मी सुई ठेवली. थीम सुरू झाली. मुलगी दाराशी उभी होती, तिला ऐकू येत होतं. त्यांना नाही. ते फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होते आणि त्यांचं एक बोट गुडघ्यावर हळूहळू आपटत होतं. मला ते बघवेना. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"मी हाय काय रे?"

"तुम्हीच आहात अंकल," मी म्हटलं. स्पष्ट, ओठ दाखवून. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात खरी गोष्ट होती.

त्यांचं बोट थांबलं नव्हतं. ते गुडघ्यावर मोजत होते. सुईकडे बोट दाखवून म्हणाले, "सोलो अजून आला नाय. तू कसा ऐकला?"

ज्याला काहीही ऐकू येत नव्हतं त्याला माहीत होतं की रेकॉर्ड कुठे पोचलीय. थीम दोनदा वाजते, त्यातली पहिलीच चालू होती. साठ वर्षांपूर्वीची लय त्यांच्या बोटात होती. आणि मी सगळं पाठ असलेला माणूस, उत्तर आधीच देऊन बसलो होतो. त्यांच्या तोंडावर मला दिसलं त्यांना काय वाटलं ते. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून हा ठोकून देतोय, एवढंच. मी मान हलवत राहिलो, नाही नाही, तुम्हीच, खरंच, देवाशपथ. देव मी मानत नाही हे त्यांनाही माहीत होतं. ते हसले आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जाऊ दे.

मला दोनच रस्ते होते. त्यांना शंकेतच ठेवायचं, किंवा मला कसं माहीत ते सांगायचं. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं. ही माझ्याकडे बावीस वर्षं आहे. मी लपवली. घरात होती, तुम्ही जेवायला यायचा तेव्हा घरातच होती. मी हजार वेळा ऐकलीय. तुम्हीच आहात.

त्यांनी दोन बोटं वर केली, पुन्हा दोन. बावीस? मी मान हलवली.

मागे सोलो सुरू झाला होता. मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. अंकल माझ्याकडे बघत राहिले. हे असं कुणी स्वतःबद्दल खोटं सांगणार नाही, हे त्यांना पटलेलं मला दिसलं. खांदे खाली आले, मान हलली. "म्हणजे मीच हाय," ते म्हणाले.

मग त्यांचं बोट पुन्हा गुडघ्यावर हलायला लागलं. मला वाटलं लय मोजतायत. ते वर्षं मोजत होते.

"ती गेली त्याला नऊ झाले," ते म्हणाले. "म्हणजे तेरा वर्षं ती हितेच बसली होती. तिला ऐकू येत होता रे."

आवाज चढला नाही. रेकॉर्ड संपली, सुई आतल्या कडेला खरखरत राहिली. मुलीने येऊन ती उचलली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अंकलनी रेकॉर्ड प्लेअरवरून काढली, कडेने धरून, बोट न लावता, त्यांनीच मला शिकवलं होतं तसं, आणि माझ्या पुढे केली.

"घेऊन जा. मला काय करायचा? तुझाच हाय."

बावीस वर्षं मला नेमकं हेच ऐकायचं होतं. मुलीसाठी तरी ठेवा, असं म्हणायला हवं होतं. ते शब्द तोंडापर्यंत आले होते. पण अंकलचा हात पुढे होता, आणि मी, खोटं कशाला सांगू, घेऊन आलो.